औषध दुकानात मलेरियाची रॅपिड टेस्ट कशी सुरू करावी

ताप आलेला माणूस दवाखान्याच्या आधी बहुधा औषध दुकानातच जातो. दुकान जवळ असते, उशिरापर्यंत उघडे असते, तिथे ताटकळावे लागत नाही आणि दुकानदार ओळखीचा असतो. मलेरियाचा प्रादुर्भाव असलेल्या भागांत अशा माणसाला वर्षानुवर्षे केवळ लक्षणांवरून मलेरियाच्या गोळ्या मिळत आल्या. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये भूमिका बदलली आणि कोणत्याही वयाच्या संशयित रुग्णाला औषध देण्याआधी सूक्ष्मदर्शकाने किंवा रॅपिड टेस्टने (रक्ताच्या एका थेंबावर काही मिनिटांत निकाल देणाऱ्या किटने) निदान पक्के करावे, अशी शिफारस केली. सरकारी आरोग्य केंद्रांत ही पद्धत हळूहळू रुजली. औषध दुकाने मात्र बराच काळ तिच्या बाहेरच राहिली.

दुकानदाराला हे जमेल का, ही शंका आता फारशी उरलेली नाही. युगांडातील मुकोनो जिल्ह्यात नोंदणीकृत औषध दुकानांमध्ये एक अभ्यास झाला आणि २०१५ मध्ये तो प्रसिद्ध झाला. प्रशिक्षण मिळालेल्या दुकानदारांनी टेस्ट करून मगच औषध दिले, तेव्हा योग्य रुग्णाला योग्य औषध मिळण्याचे प्रमाण अंदाजाने औषध देणाऱ्या दुकानांपेक्षा बरेच वाढले. टेस्ट करणे हा या कामातला सोपा भाग आहे. टेस्ट निगेटिव्ह आल्यावर गिऱ्हाइकाला मलेरियाच्या गोळ्या न देता परत पाठवणे दुकानाला परवडते का आणि गिऱ्हाइकाला पटते का, हा अवघड भाग आहे. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच प्रश्नाभोवती आखलेल्या आहेत.

पहिली पायरी: परवानगी आणि जवळचे आरोग्य केंद्र

औषध विकण्याचा परवाना असला म्हणजे रक्ताचा थेंब घेण्याची मुभा मिळतेच असे नाही. अनेक देशांत औषध विक्री, प्रयोगशाळा आणि जैववैद्यकीय कचरा यांचे नियम वेगवेगळ्या खात्यांकडे असतात आणि रॅपिड टेस्ट या तिन्हींच्या हद्दीत थोडी थोडी येते. म्हणून किट मागवण्याआधी तीन गोष्टी लेखी विचारून घ्याव्यात: दुकानात बोट टोचून टेस्ट करण्यास परवानगी आहे का, पॉझिटिव्ह रुग्णाला दुकानदार स्वतः औषध देऊ शकतो की त्यासाठी डॉक्टरांची चिठ्ठी लागते, आणि आढळलेला प्रत्येक रुग्ण सरकारी यंत्रणेला कळवणे बंधनकारक आहे का. टांझानियात २००३ पासून औषध दुकानांना प्रशिक्षण आणि मान्यता देण्याची स्वतंत्र व्यवस्था उभी राहिली. अशी व्यवस्था तुमच्याकडे असेल तर तिच्यात नाव नोंदवणे हा सर्वांत सरळ मार्ग आहे. परवानगी नसेल तर टेस्ट सुरू करू नये. त्याऐवजी रुग्णाला टेस्टसाठी आरोग्य केंद्रात पाठवण्याची पद्धत बसवावी.

त्याच वेळी जवळच्या आरोग्य केंद्राशी बोलून ठेवावे. तुमच्याकडून चिठ्ठी घेऊन आलेला रुग्ण तिथे कोण पाहील, रात्री कोणाला फोन करायचा आणि बेशुद्ध मूल न्यायचे झाल्यास वाहन कुठून मिळेल, हे आधी ठरलेले असावे. ऐन वेळी फोन नंबर शोधण्यात जाणारा वेळ गंभीर मलेरियाच्या रुग्णाला परवडत नाही.

दुसरी पायरी: किटची निवड

रॅपिड टेस्ट रक्तातले परजीवी थेट दाखवत नाही. परजीवीने तयार केलेली प्रथिने ती ओळखते. एचआरपी-२ हे प्रथिन मलेरियाच्या परजीवींपैकी फक्त फाल्सीपेरम या प्रजातीचे असते, तर पी-एलडीएच हे सर्व प्रजातींमध्ये आढळते आणि प्रजातीनुसार ते वेगळे ओळखणाऱ्या पट्ट्याही मिळतात. त्यामुळे तुमच्या भागात कोणत्या प्रजाती आहेत हे ठाऊक असल्याशिवाय किट निवडता येत नाही. जिथे व्हायव्हॅक्स ही दुसरी प्रजाती सर्रास आढळते तिथे केवळ एचआरपी-२ वर चालणारे किट ठेवले, तर व्हायव्हॅक्सचा प्रत्येक रुग्ण निगेटिव्ह ठरेल.

एचआरपी-२ चे आणखी दोन गुणधर्म ध्यानात ठेवावे लागतात. हे प्रथिन परजीवी मेल्यानंतरही काही आठवडे रक्तात राहते, म्हणून नुकताच बरा झालेला माणूसही पॉझिटिव्ह दिसू शकतो. दुसरे म्हणजे, काही ठिकाणच्या परजीवींमध्ये हे प्रथिन बनवणारे जनुकच नाहीसे झाले आहे. पेरूमधील असे परजीवी २०१० मध्ये प्रथम नोंदवले गेले आणि पुढे इरिट्रियासारख्या देशांत ते मोठ्या प्रमाणावर सापडले. अशा परजीवींमुळे खोटे निगेटिव्ह येण्याचे प्रमाण पाच टक्क्यांच्या वर गेले, तर त्या भागात किटचा प्रकार बदलावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. हा निर्णय दुकानदाराने एकट्याने घ्यायचा नसतो; देशाच्या मलेरिया कार्यक्रमाने जे किट ठरवले असेल तेच ठेवावे.

खोक्यावरच्या दाव्यांपेक्षा स्वतंत्र परीक्षणाला महत्त्व द्यावे. २००८ ते २०१८ या काळात जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने बाजारातल्या किटचे आठ फेऱ्यांत परीक्षण झाले आणि आता खरेदीसाठी तिची पूर्वपात्रता यादी, म्हणजे तिने तपासून मान्य केलेल्या किटची यादी, पाहिली जाते. दुकानात एका वेळी एकाच कंपनीचे, एकाच प्रकारचे किट असावे. बफरचे (रक्तानंतर टाकायच्या द्रवाचे) थेंब आणि थांबण्याची मिनिटे प्रत्येक किटमध्ये वेगळी असतात, आणि दोन प्रकार शेजारी ठेवले की गल्लत होतेच.

तिसरी पायरी: साठवण आणि जागा

बहुतेक किट ३० किंवा ४० अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानात टिकतात. नेमकी मर्यादा खोक्यावर छापलेली असते. पत्र्याच्या छपराखालच्या दुकानात दुपारी ही मर्यादा सहज ओलांडली जाते. किट सर्वांत खालच्या फळीवर, भिंतीपासून थोडे दूर आणि उन्हाच्या तिरिपेपासून बाजूला ठेवावे, शेजारी साधा तापमापक टांगावा आणि दुपारचा आकडा वहीत लिहावा. किट गोठू देऊ नये. फ्रिजमध्ये ठेवले असेल तर पाकीट खोलीच्या तापमानाला आल्यावरच फोडावे, कारण थंड पट्टीवर ओल धरते आणि ओल हा या टेस्टचा मोठा शत्रू आहे. घाऊक विक्रेत्याकडून माल येताना तो टेम्पोत किती तास उन्हात उभा होता, हेही विचारावे. दुकानातली सगळी काळजी वाटेत वाया गेलेली असू शकते.

टेस्टसाठी गल्ल्यापासून बाजूला एक टेबल, दोन खुर्च्या, उजेड, हात धुण्याची सोय आणि शक्य असल्यास एक पडदा पुरेसा असतो. उजेडाबाबत तडजोड करू नये, कारण फिकट रेषा अंधुक दिव्यात दिसत नाही. चाळिशी ओलांडलेल्या दुकानदाराने जवळचा चष्मा टेबलावरच ठेवावा. ही बाब किरकोळ वाटते, पण फिकट रेषा नजरेतून सुटून पॉझिटिव्ह रुग्ण निगेटिव्ह ठरवला जाण्याचे हे अगदी साधे कारण आहे.

चौथी पायरी: टोचण्याआधीचे प्रश्न

दुकानात गर्दी असली की ही पायरी गाळण्याचा मोह होतो, तो टाळावा. ताप किती दिवसांपासून आहे, अंगात हुडहुडी भरते का, गेल्या महिन्याभरात मलेरियाचे औषध घेतले होते का, रुग्ण गरोदर आहे का आणि लहान मूल असेल तर त्याचे वय आणि वजन किती, हे विचारून वहीत लिहावे. रुग्ण घरी आणि त्याच्या वतीने नातेवाईक गोळ्या घ्यायला आला, असे फार वेळा घडते. अशा वेळी रुग्णालाच घेऊन यायला सांगावे. तो उठून येण्याच्या स्थितीत नसेल तर तेच धोक्याचे लक्षण समजून आरोग्य केंद्राचा रस्ता दाखवावा.

आकडी आलेला, शुद्ध हरपत चाललेला, काहीच पोटात न ठरणारा, अंगावरचे दूध किंवा पाणी न पिणारा, धाप लागलेला, डोळे पिवळे झालेला, काळसर लघवी होणारा किंवा पांढराफटक पडलेला रुग्ण दुकानात टेस्टसाठी बसवून ठेवू नये. त्याला ताबडतोब पुढे पाठवावे. दोन महिन्यांखालच्या बाळांना आणि गरोदर स्त्रियांनाही आरोग्य केंद्रातच पाठवणे योग्य. तिथे टेस्टबरोबर डॉक्टरांची तपासणीही होते.

पाचवी पायरी: टेस्ट

प्रत्यक्ष टेस्ट कागदावरून शिकता येत नाही. प्रशिक्षकाच्या नजरेखाली पुरेशा टेस्ट कराव्यात, आणि फिकट, गडद आणि अवैध निकालांचे नमुने ओळखून दाखवल्यावरच एकट्याने काम सुरू करावे. खालील क्रम उजळणीसाठी आहे; किटसोबतच्या पत्रकात काही वेगळे असेल तर पत्रक मानावे.

पाकीट फोडण्याआधी त्यावरची मुदत पाहावी. फोडल्यावर आतली ओल शोषणारी पुडी तपासावी; तिचा रंग बदललेला असेल तर आतली कॅसेट (टेस्टची पट्टी बसवलेली प्लास्टिकची चपटी डबी) टाकून द्यावी. पाकीट फोडले की टेस्ट लगेच करावी. कॅसेटवर पेन्सिलीने रुग्णाचे नाव किंवा क्रमांक लिहावा, कारण दोन रुग्ण शेजारी बसले असताना दोन सारख्या कॅसेट सारख्याच दिसतात. प्रत्येक रुग्णासाठी नवे हातमोजे घालावेत.

सहसा अनामिका निवडतात, आणि बोटाच्या मधोमध न टोचता टोकाच्या किंचित बाजूला टोचतात, कारण तिथे कमी दुखते. अगदी लहान बाळाची टाच घेतात. स्पिरिटने पुसल्यावर त्वचा आपोआप सुकू द्यावी. ओल्या बोटावर टोचले तर रक्ताचा नीट थेंब न धरता ते पसरते. टोचण्याची सुई, म्हणजे लॅन्सेट, एकदाच वापरायची असते. टोचल्याबरोबर ती टेबलावर न ठेवता थेट सुयांच्या डब्यात टाकावी आणि तिला टोपण परत लावण्याच्या भानगडीत पडू नये.

बहुतेक किटना अवघे ५ मायक्रोलिटर रक्त लागते. किटसोबत आलेल्या नळीने किंवा लूपने तेवढेच रक्त घ्यावे आणि रक्ताच्या खिडकीत टेकवून सोडावे. रक्ताची आणि बफरची खिडकी वेगळी असते. या दोन्हींची अदलाबदल ही नवख्यांची नेहमीची चूक आहे. बफरची बाटली तिरकी न करता उलटी उभी धरून पत्रकात सांगितलेले थेंब मोजून टाकावेत आणि बुडबुडा पडला तर तो थेंब मोजणीत धरू नये. बफर संपला म्हणून दुसऱ्या किटचा बफर, सलाइन किंवा पाणी वापरू नये, कारण त्याने खोट्या रेषा उमटू शकतात.

मग घड्याळ लावावे. काही किटना १५ मिनिटे लागतात, काहींना २०. रेषा लवकर उमटली तरी वेळ पूर्ण होऊ द्यावी, आणि अर्ध्या तासानंतर निकाल वाचू नये, कारण सुकत चाललेल्या पट्टीवर नसलेली रेषा दिसू लागते. कॅसेटवर ‘सी’ ही टेस्ट नीट झाल्याची आणि ‘टी’ ही मलेरियाची जागा असते. ‘सी’ पाशी रेषा आणि ‘टी’ पाशीही रेषा असेल तर निकाल पॉझिटिव्ह, मग ती दुसरी रेषा कितीही फिकट असो. फक्त ‘सी’ पाशी रेषा असेल तर निगेटिव्ह. ‘सी’ पाशी रेषा नसेल तर टेस्ट अवैध असते, ‘टी’ पाशी काहीही दिसत असले तरी. नव्या कॅसेटवर ती पुन्हा करावी आणि तिचे पैसे रुग्णाकडून घेऊ नयेत.

सहावी पायरी: पॉझिटिव्ह आल्यास

देशाच्या उपचार मार्गदर्शिकेत जे औषध पहिल्या पसंतीचे असेल तेच द्यावे. फाल्सीपेरमसाठी ते आर्टेमिसिनिनवर आधारित संयुक्त औषध असते; एकट्या आर्टेमिसिनिनच्या गोळ्या विकू नयेत, कारण त्यामुळे औषधाला न जुमानणारे परजीवी वाढतात. आर्टेमिथर आणि ल्युमेफॅन्ट्रिनच्या सर्वत्र आढळणाऱ्या २० आणि १२० मिलिग्रॅमच्या गोळीचे उदाहरण घेतले, तर ५ ते १५ किलोच्या आतल्या मुलाला एका वेळी एक, १५ ते २५ च्या आत दोन, २५ ते ३५ च्या आत तीन आणि ३५ किलो किंवा त्यापुढे चार गोळ्या, असे सहा डोस तीन दिवसांत देतात. दुसरा डोस पहिल्यानंतर आठ तासांनी असतो. म्हणूनच दुकानात वजनकाटा लागतो. पहिला डोस समोरच, काहीतरी स्निग्ध खाल्ल्यावर द्यावा आणि अर्धा तास थांबवून ठेवावे. उलटी झाली तर डोस पुन्हा द्यावा, आणि पुन्हा उलटी झाली तर रुग्णाला पुढे पाठवावे. ताप दुसऱ्या दिवशी उतरला तरी गोळ्या संपवायच्या, हे सांगून रुग्णाकडून वदवून घ्यावे.

व्हायव्हॅक्सचे प्रकरण वेगळे आहे. त्याचे परजीवी यकृतात सुप्त राहून महिन्यांनंतर पुन्हा ताप आणतात आणि ते मारण्यासाठी प्रायमाक्विन लागते. परंतु जी-६-पीडी या विकराची (एन्झाइमची) कमतरता असलेल्या माणसात त्या औषधाने रक्तपेशी फुटू शकतात. म्हणून प्रायमाक्विन देण्याचा निर्णय आरोग्य केंद्रावर सोपवावा.

सातवी पायरी: निगेटिव्ह आल्यास

सगळी व्यवस्था टिकते किंवा ढासळते ती इथे. गिऱ्हाईक पैसे देऊन टेस्ट करून घेते, वीस मिनिटे बसते आणि ऐकते की मलेरिया नाही. “पण मला ठाऊक आहे, हा मलेरियाच आहे, गेल्या वेळीही असेच झाले होते,” असे ते म्हणते. अशा वेळी वाद न घालता कॅसेट त्याच्या हाताजवळ धरून दोन रेषांच्या जागा दाखवाव्यात: “इथे रेषा आली म्हणजे टेस्ट नीट झाली. मलेरिया असता तर इथेही आली असती. ती नाही. ताप खरा आहे, पण कारण दुसरे आहे, आणि मलेरियाच्या गोळीने तो उतरणार नाही.” स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला निकाल पटण्याची शक्यता दुकानदाराच्या शब्दापेक्षा जास्त असते.

यानंतर त्याला रिकाम्या हाताने पाठवू नये आणि काहीतरी विकायचे म्हणून प्रतिजैविकही देऊ नये. मलेरियाच्या टेस्ट सुरू झाल्या की निगेटिव्ह रुग्णांना प्रतिजैविके देण्याचे प्रमाण वाढते, असे अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसले आहे. एका अंदाजी औषधाची जागा दुसऱ्या अंदाजी औषधाने घेतली, तर टेस्ट कशाला केली? वयाला योग्य मात्रेत पॅरासिटामॉल, जुलाब असतील तर जीवनजल, भरपूर द्रव आणि परत येण्याची स्पष्ट सूचना एवढे पुरेसे असते. डेंग्यूच्या दिवसांत ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन देऊ नये, कारण त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. खोकल्यासह श्वास जलद चालणारे मूल न्यूमोनियाचे असू शकते. ते त्याच दिवशी आरोग्य केंद्रात गेले पाहिजे.

निगेटिव्ह म्हणजे मलेरिया शंभर टक्के नाही, असेही सांगू नये. रक्तात परजीवी फार थोडे असतील, साधारण दर मायक्रोलिटरला शंभर-दोनशेच्या खाली, तर टेस्ट त्यांना पकडेलच असे नाही. एक-दोन दिवसांत ताप उतरला नाही तर पुन्हा टेस्ट करून घ्यावी किंवा आरोग्य केंद्र गाठावे, हे चिठ्ठीवर लिहून द्यावे.

आता पैशाचा प्रश्न. दुकानाची कमाई फक्त गोळ्यांवर असेल तर प्रत्येक निगेटिव्ह निकाल हा तोटा असतो, आणि तोट्यात प्रामाणिकपणा फार दिवस टिकत नाही. म्हणून टेस्टचे स्वतंत्र शुल्क असावे, ते दर्शनी भागात लिहिलेले असावे आणि त्यात दुकानदाराच्या वेळेचा मोबदला धरलेला असावा. ते इतकेही नसावे की गिऱ्हाईक टेस्टपेक्षा थेट गोळ्या घेणे पसंत करील. कार्यक्रम चालवणाऱ्या संस्थेकडे अनुदान असेल तर ते सरसकट औषधावर न देता टेस्टवर द्यावे आणि औषधावरची सवलत पॉझिटिव्ह निकालाशी जोडावी. अशा सवलतीत निकाल फुगवण्याचा मोह असतो, हे मान्य करूनच ती आखावी आणि त्यावर शेवटच्या पायरीतली देखरेख ठेवावी. एवढे करूनही एखादे गिऱ्हाईक शेजारच्या दुकानातून गोळ्या घेईल. म्हणून एका वस्तीतली सगळी दुकाने एकाच वेळी या पद्धतीत आणणे, हे एका दुकानाला कितीही उत्तम प्रशिक्षण देण्यापेक्षा अधिक उपयोगी ठरते, असे मला वाटते.

आठवी पायरी: कचरा आणि टोचल्यास

सुयांचा डबा टणक असावा, तीन चतुर्थांश भरला की बंद करावा आणि ठरलेल्या आरोग्य केंद्रात जमा करावा. वापरलेल्या कॅसेट आणि हातमोजे वेगळ्या पिशवीत जावेत. वापरलेली सुई स्वतःला टोचली तर बोट न पिळता साबण-पाण्याने धुवावे आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जावे. एचआयव्ही टाळणारी औषधे ७२ तासांच्या आत, आणि जितकी लवकर तितकी बरी, सुरू करावी लागतात. काम सुरू करण्याआधी हिपॅटायटीस-बी ची लस घेतलेली असावी.

नववी पायरी: नोंदी आणि देखरेख

वहीत तारीख, वय, लिंग, टेस्टचा निकाल, दिलेले औषध, पुढे पाठवले असल्यास त्याचे कारण आणि किटचा बॅच क्रमांक एवढे रकाने पुरतात. त्याहून मोठा तक्ता दिला की दुकानदार तो महिन्याअखेरीस आठवणीने भरतो.

देखरेख करणाऱ्याने वही चाळताना काही जोड्या ताडून पाहाव्यात. खपलेल्या कॅसेटची संख्या नोंदवलेल्या टेस्टशी जुळते का? खपलेल्या मलेरियाच्या औषधांची संख्या पॉझिटिव्ह रुग्णांपेक्षा जास्त आहे का? जवळजवळ प्रत्येक निकाल पॉझिटिव्ह येत असेल तर सवलतीसाठी नोंदी भरल्या जात आहेत का, हे पाहावे. पण ऐन हंगामात काही वस्त्यांत तो आकडा खराही असू शकतो, म्हणून आरोग्य केंद्रातल्या त्याच आठवड्यांच्या निकालांशी तुलना केल्याशिवाय दुकानदारावर आरोप करू नये. उलट, हंगाम चालू असताना एका दुकानात सलग सगळे निगेटिव्ह येऊ लागले, तर किट उन्हात खराब झाले असण्याची शक्यता पहिल्यांदा तपासावी. त्यासाठी त्याच बॅचच्या काही कॅसेट आरोग्य केंद्रात नेऊन सूक्ष्मदर्शकाने पॉझिटिव्ह ठरलेल्या रक्तावर लावून पाहाव्यात, आणि निकाल कळेपर्यंत त्या दुकानातली टेस्ट थांबवून रुग्णांना पुढे पाठवावे.